बदललेले निदान

‘निदान’ हा शब्द मराठीत मोठा दुहेरी आहे. वैद्याच्या तोंडी तो आला, की त्याचा अर्थ रोगाचे मूळ, रोगाची ओळख. आणि घरातल्या माणसांच्या तोंडी आला, की त्याचा अर्थ ‘कमीत कमी’. ‘निदान चार घास तरी खा’, ‘निदान रात्री डोळे तरी मिट’, असे आमच्या घरात तीस वर्षांहून अधिक काळ म्हटले जात आहे. या दोन्ही अर्थांनी तो शब्द आम्हांला जितका परिचित झाला, तितका मराठीच्या एम. ए.चा अभ्यास करतानाही झाला नव्हता.

या मासिकात मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यांविषयी वाचक मोकळेपणाने लिहितात. मनाच्या आजाराविषयी मात्र आपल्या सीमाभागातील मराठी घरे अद्याप कुजबुजतच बोलतात. लग्नाची बोलणी चालू असली तर तेवढेही बोलत नाहीत. आम्हीही वर्षानुवर्षे तेच केले. आज लिहीत आहो ते आमच्या धाकट्या बहिणीच्या संमतीने. तिचे नाव येथे देत नाही. घरातली मुले तिला आत्या म्हणतात, तेव्हा या लेखापुरती ती वाचकांचीही आत्याच.

१९९४ सालचा पावसाळा

बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना सांगावयास नको. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही, अंगणात शेवाळ, दांडीवरचे कपडे ओले ते ओलेच. त्या वर्षी आत्या एकवीस वर्षांची होती, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे अक्षर मोत्यासारखे. म्हणून वडिलांनी, आमच्या आण्णांनी, दुधाचा व किराण्याचा हिशेब लिहिण्याचे काम तिच्याकडे दिले होते. श्रावणाच्या सुमारास तिची झोप उडाली. रात्र-रात्र जागून ती लिहू लागली. बोलणे इतके वेगाने, की एक वाक्य पुरे होण्याआधी दुसऱ्याला सुरुवात व्हावी. ज्ञानेश्वरीचा खरा अर्थ आपल्याला उलगडला आहे आणि तो गावाला सांगितलाच पाहिजे, असे ती म्हणू लागली. शेजाऱ्यांनी देवऋषी सुचवला, कोणी अंगारा आणून दिला. दहाव्या दिवशी आम्ही तिला एका मोठ्या रुग्णालयात घेऊन गेलो.

तेथील डॉक्टरांना मराठी येत नव्हते आणि आमचे कानडी बाजारापुरते. तेव्हा मधला दुभाषी म्हणून आम्ही उभे राहिलो. आत्या म्हणाली, “मला आतून आवाज येतो.” आम्ही इंग्रजीत सांगितले, की हिला आवाज ऐकू येतात. डॉक्टरांनी तसेच कागदावर लिहिले. चार दिवसांनी निदान झाले: स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता. त्या वेळी आम्ही नुकतेच मराठीचे एम. ए. झालो होतो. ‘आतून आवाज येणे’ हा मराठीत एक वाक्प्रचारही आहे, हे आम्हांला त्या क्षणी सुचले नाही.

औषधांची वर्षे

औषधाने आत्याचा उद्रेक तीन आठवड्यांत ओसरला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांसाठी प्रथम वापरात आले. त्यापूर्वीच्या काळात तिच्या वाट्याला कदाचित कोठडी आली असती. परंतु प्रत्येक औषध आपले मोल घेते. हॅलोपेरिडॉलच्या गोळ्यांनी तिचे अंग लाकडासारखे ताठ झाले. चालताना हात हलेनासे झाले, चेहऱ्यावरचे भाव थिजले. एका जागी बसवत नसे. येरझाऱ्या घालून पायांना फोड येत. तिच्या या अस्वस्थतेला आम्ही आजारच समजलो. तो औषधाचा परिणाम होता, हे फार उशिरा कळले. ताठरपणासाठी दुसरी गोळी आली. तिने तोंड कोरडे पडू लागले, बद्धकोष्ठ झाले आणि वाचताना अक्षरे पुसट दिसू लागली. पुढे दरमहा टोचावयाचे इंजेक्शन सुरू झाले. २००४ मध्ये ओलान्झापिन हे नवे औषध मिळाले. अंग मोकळे झाले, पण भूक अनावर झाली. दोन वर्षांत वजन पन्नास किलोंवरून सहासष्टावर गेले आणि उपाशीपोटीची साखर वाढली.

सर्वांत वाईट वाटले ते अक्षराचे. वहीतली मोत्यांची ओळ आधी बारीक झाली, मग खाली उतरू लागली. जमलेले लग्न ‘त्या’ शब्दापायी मोडले. बी. ए. राहून गेले. तरीही ती दुधाचा हिशेब लिहीतच राहिली.

एक प्रसंग आज फार बोचतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ सालचा. छिन्नमनस्कतेने ग्रासलेला तरुण आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ती कथा. पुढे आम्ही तो घरी सर्वांनी मिळून पाहिला. संपल्यावर आत्या शांतपणे म्हणाली, “बिचारा. पण दादा, माझे असे नसते. मी मधूनमधून पुरती परत येते.” आम्ही मान डोलावली आणि मनात म्हटले, आपला आजार आपल्याला न कळणे हेच तर या आजाराचे लक्षण. तिचे म्हणणे आम्ही कोणत्याही डॉक्टरांच्या कानावर घातले नाही.

दुधाची वही

२०१२ च्या अखेरीस आत्या अगदी खचली. अंथरुणातून उठेना, जेवेना. येथील एका डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी जोडली. ती सुरू होऊन तीन आठवडे होतात न होतात, तोच चित्र पालटले. पहाटे तीनला उठून ती घर धुऊ लागली, उधारीवर चौदा साड्या घेऊन आली आणि आल्यागेल्याला वाटू लागली. आम्ही घाबरून शेजारच्या जिल्ह्यातील रुग्णालय गाठले. तेथे एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी जुने कागद वाचून एकच प्रश्न विचारला: “१९९४ पासून आजतागायत यांना बरे नव्हते असे महिने कोणते आणि पूर्ण बऱ्या होत्या असे कोणते? आठवणीने सांगू नका, काही पुरावा असला तर आणा.”

पुरावा आमच्या माळ्यावर होता. एकोणीस वर्षांच्या हिशेबाच्या वह्या आम्ही उभयतां पतिपत्नींनी खाली काढल्या आणि ओळीने मांडल्या. काही महिन्यांत पानेच्या पाने भरलेली, अक्षर मोठे, समासात सुविचार आणि आराखडे. काही महिने कोरे. आणि त्यांच्या मधली दीड-दीड, दोन-दोन वर्षे? औषधाने हात कापत होता, ओळ उतरत होती, पण बेरीज एकही चुकलेली नव्हती. भाव वाढल्याची नोंद होती, गवळ्याच्या खाड्यांची नोंद होती. ती खरोखरीच मधूनमधून पुरती परत येत होती.

डॉक्टरीणबाईंनी आम्हांला जे समजावले, ते येथे थोडक्यात देतो. एमिल क्रेपेलिन या जर्मन वैद्याने १८९९ साली आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत मनाच्या गंभीर आजारांचे दोन मोठे गट केले. एकात माणूस हळूहळू खालावत जातो, असे त्याचे मत होते; यालाच पुढे ब्लॉयलरने १९०८ साली स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. दुसऱ्यात उन्माद आणि औदासीन्य यांचे झटके येतात व जातात आणि मधल्या काळात माणूस बहुधा पूर्ववत होतो. आज त्यास द्विध्रुवी किंवा बायपोलर विकार म्हणतात. पण उन्माद टोकाला गेला म्हणजे त्यातही भ्रम होतात, आवाजही ऐकू येतात. त्यामुळे पहिल्या झटक्यात, केवळ समोरच्या लक्षणांवरून, दोहोंतला भेद करणे कठीण असते. या गोंधळाची व्याप्ती केवढी असू शकते, हे १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्क व लंडन येथील रुग्णांच्या तुलनेत दिसून आले. न्यूयॉर्कचे डॉक्टर छिन्नमनस्कतेचे निदान फार सढळपणे करीत. दोन्हींकडचे रुग्ण एकाच कसोटीने तपासले, तेव्हा तो फरक बव्हंशी नाहीसा झाला. शिवाय नैराश्यावरची गोळी एकटीच दिली असता द्विध्रुवी विकाराचा माणूस उन्मादाकडे झुकू शकतो; आत्याच्या बाबतीत तोच इशारा ठरला.

मग त्यांनी आत्याला थेट, सावकाश मराठीत विचारले, “तेव्हा आवाज कानांनी ऐकू येत होते का?” आत्या म्हणाली, “नाही हो. कान नाही, मन म्हणत होते.” आम्ही तेथून उठून बाहेरच्या ओसरीवर येऊन बसलो. नंतर त्या आम्हांला म्हणाल्या, की त्या एका वाक्यावर निदान झाले नसावे. झोप उडणे, बडबड, भ्रम हे सारे समोर होतेच. ते खरेही असेल. पण भाषा शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाच्या मनातून ते वाक्य जात नाही.

नवे नाव, नवे औषध

निदान बदलले म्हणजे घरात आनंदीआनंद होईल, अशी आमची कल्पना होती. तसे झाले नाही. आत्या दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “मग ती एकोणीस वर्षे कोणाच्या आजाराची?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. राग येतो, पण तो कोणावर काढावा हे कळत नाही. पहिल्या डॉक्टरांनी तिला वाचविले, हेही तितकेच खरे आहे.

नवे औषध होते लिथियम. १८१७ साली एका खनिजात सापडलेले हे मूलद्रव्य. ग्रीक भाषेतील दगडाच्या शब्दावरून त्याचे नाव पडले. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या दहा रुग्णांवर त्याचा गुण आल्याचे प्रसिद्ध केले. उन्मादावर आणि पुन्हा झटका येऊ नये म्हणून ते आजही प्रमुख औषधांत गणले जाते. जुने औषध एका दिवसात बंद करता आले नाही. कित्येक महिने थोडे-थोडे कमी करावे लागले.

लिथियमचेही मोल आहेच. तहान फार लागते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. हात पुन्हा कापतो, पण हे कापणे वेगळे. काही करावयास गेले की बारीक थरथर होते. प्रोप्रानोलॉल या गोळीने ती बरीच कमी झाली. कंठस्थ ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, मंदावली. तिच्यासाठी रोज सकाळी आणखी एक गोळी. आणि जुन्या औषधांची एक खूण राहिलीच. आत्याचे ओठ आणि जीभ आपोआप हलतात. वर्षानुवर्षे ती औषधे घेतल्याने काहींना असे होते आणि औषध थांबवूनही ते पुष्कळदा जात नाही. नवखे लोक टक लावून पाहतात. आत्या आता सांगून टाकते, “सुपारी नाही खात, औषधाची देणगी आहे.”

आमच्या हातून झालेली चूक

२०१६ च्या आषाढात जे घडले, ते इतर घरांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर सांगतो. आमच्या पत्नीस रक्तदाब निघाला, म्हणून साऱ्या घराचे मीठ आम्ही कमी केले. आत्याचे गुडघे दुखत होते, म्हणून औषधाच्या दुकानातून आयब्युप्रोफेन आणून आम्हीच तिला आठ दिवस दिले. वर आषाढी एकादशीचा कडक उपवास. तिने पाणीही जेमतेम घेतले. द्वादशीला तिला वांत्या सुरू झाल्या. हातांची थरथर इतकी, की पेला धरवेना. जीभ जड, चाल झोकांड्यांची. आम्हांला वाटले अपचन. आमच्या थोरल्या मुलीने हट्ट धरला म्हणून रुग्णालयात नेले. रक्तातील लिथियम १.९ निघाले. ते साधारणतः ०.६ ते १.० असावे लागते आणि १.५ च्या वर गेले की विषबाधेचे भय असते. औषध थांबवून, शिरेतून सलाइन देऊन पाच दिवसांत ती सावरली.

कारण साधे आहे. मूत्रपिंड लिथियमला बव्हंशी मिठातल्या सोडियमसारखेच वागवते. शरीरात पाणी वा मीठ कमी पडले, की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी आणि रक्तदाबाच्या काही लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनीही ते साठते. म्हणजे मीठ, गोळी आणि उपवास ही तिन्ही पुण्यकर्मे आम्ही एकाच आठवड्यात केली आणि तिन्हींचा भार एकटीवर पडला.

तेव्हापासून स्वयंपाकघरातील कपाटाच्या आत एक कागद चिकटविला आहे. त्यावर असे आहे: मीठ एकाएकी कमी वा जास्त करावयाचे नाही. निर्जळी उपवास नाही. जुलाब, वांती, ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावयाचे. दुकानातून वेदनाशामक आणावयाचे नाही. लिथियमच्या तपासणीसाठी रक्त द्यावयाचे ते रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, आणि सकाळची गोळी असल्यास रक्त दिल्यावरच घ्यावयाची. दर सहा महिन्यांनी थायरॉइड, मूत्रपिंड आणि कॅल्शियम. आणि काहीही झाले, कितीही बरे वाटले, तरी आपल्या मनाने गोळी बंद करावयाची नाही. एकाएकी सोडल्यास झटका जोराने परत येऊ शकतो. ज्या घरी तरुण मुली-सुना असे औषध घेत असतील, त्यांनी गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. याच आजारावरचे व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भास विशेष अपायकारक आहे.

आणखी दोन गोष्टी. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार रुग्णाला आपल्या उपचारांचे कागद पाहण्याचा हक्क आहे; आपण आजारी पडल्यास कसे उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवता येते, आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्तीही नेमता येते. आत्याने तसे लिहून ठेवले आहे. आपल्या वतीने बोलण्यास तिने आम्हांस नेमले नाही, आमच्या थोरल्या मुलीस नेमले. दुसरे, ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते. आपल्यासारख्या, परभाषेच्या कचेरीत अडखळणाऱ्या घरांना याचे मोल अधिक. कागदावर काय लिहिले गेले ते वाचून घ्या. आपल्या माणसाचे शब्द त्याच्याच तोंडून, त्याच्याच भाषेत पोहोचतील असे पाहा. दुभाष्यावर विसंबू नका, तो सख्खा भाऊ असला तरी.

हसण्याचा हक्क

निदान बदलले, गोळ्या बदलल्या. आमची नजर बदलावयास मात्र सर्वांत अधिक काळ लागला. एका भाच्याच्या लग्नात आत्या पंगतीत मोठ्याने हसली. आम्ही उभयतांनी चटकन एकमेकांकडे पाहिले. तिने ते पाहिले आणि तिचे हसणे अर्ध्यावर थांबले. घरी आल्यावर म्हणाली, “विनोद चांगला होता म्हणून हसले. दरवेळी गोळ्या मोजू नका.” त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून ठरविले: सलग तीन रात्री झोप कमी झाली, तर तीच आम्हांला सांगेल आणि तोवर आम्ही काही विचारावयाचे नाही. झोपेची नोंद ती स्वतः दुधाच्या वहीत, तारखेच्या पुढे करते. गेल्या काही वर्षांत दोनदा तिने सांगितले, आणि दोन्ही वेळा औषधात थोडा फेर करून घरीच निभावले. अक्षर पूर्वीसारखे नाही. बेरीज अजूनही चुकत नाही.

हा लेख छापावयास धाडण्यापूर्वी तिला वाचावयास दिला. तिने चष्मा लावून सावकाश वाचला. दोन तारखा दुरुस्त केल्या. साड्या बारा नव्हत्या, चौदा होत्या, असे सांगितले. मग म्हणाली, “दादा, सगळीकडे तू आम्ही, आम्ही असे लिहिले आहेस. ‘आम्हांला कळले’, ‘आम्ही घाबरलो’. गोळी मात्र मी एकटी गिळते.”

आम्ही म्हटले, तसे असेल तर बदलून लिहितो. ती म्हणाली, “नको, राहू दे. पण मी असे म्हणाले हे शेवटी घाल.”

तिच्या सांगण्यावरून घातले आहे.